बावचीच्या बारा पुरचुंड्या

१४ जून, शनिवार. सकाळी साडेदहा. स्थळ: कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागाची मागची खोली, नवीन जालना. हजर: कार्यालयीन अधीक्षक, नव्या विभागप्रमुख मॅडम, शिपाई बाबूभाई, कै. गडदे सरांच्या पत्नी शोभावहिनी, आणि प्रयोगशाळा सहायक म्हणून मी. काम: सरांची दोन लोखंडी कपाटं उघडून कॉलेजचं सामान आणि घरचं सामान वेगळं करणे.

यादी मी लिहिली. काचेच्या बरण्या, नोंदवह्या, वाळवलेल्या वनस्पतींचे गठ्ठे, दोन भिंगं, लोखंडी तवा एक. मग लग्नपत्रिकांची पाकिटं निघायला लागली. दीडशे तरी असतील. घरात येणारं एकही पाकीट सर फेकत नसत. त्यात बिया भरायच्या आणि वधूवरांच्या नावाखाली पेन्सिलीनं लिहायचं: कुठलं शिवार, कुठली जमीन, कोणता महिना. अधीक्षक म्हणाले, "फुटकळ असं एकत्र लिहून टाका." मी एकेक पाकीट वेगळं लिहिलं. दुपारचे दोन वाजले. वहिनी खुर्चीत बसून होत्या. त्यांनी कशालाही हात लावला नाही.

सर फाल्गुनात गेले, हृदयविकारानं. त्याच्या आदल्या चैत्रात एक मुलगी गेली होती, आणि ती सरांनी गोळा केलेल्या बियांनी गेली. हे दोन्ही प्रसंग मला जवळून माहीत आहेत. कॉलेजात आणि गावात त्याबद्दल बरंच उलटसुलट बोललं जातं, म्हणून लिहीत आहे.

गडदे सर मूळचे परतूर तालुक्यातले. आजोबांच्या मेंढ्या होत्या, वडिलांनी शेती धरली, सर शिकले. उंच, हाडापेरानं मोठे, सदऱ्याला दोन खिसे आणि दोन्ही फुगलेले. मोटारसायकलवर त्यांच्या मागं बसायला विभागातलं कुणी तयार नसे, कारण बांधावर काही दिसलं की ते रस्त्याच्या मधोमध ब्रेक दाबत. पान चुरगाळून नाकाशी धरायची त्यांना सवय होती. चहाचा कप दिला तरी आधी वास घेत. मी एकदा विचारलं, "सर, झाडं ओळखायला कुणी शिकवलं?" म्हणाले, "मेंढ्यांनी. मेंढी काय खाती ते समद्यांना दिसतं. ती काय खात न्हाई, ते बघत बसायचो मी."

बावचीला त्यांच्या मेंढ्या तोंड लावत नसत. कमरेएवढं झुडूप, पानांवर सुईनं टोचल्यासारखे ठिपके, जांभळट बारकी फुलं आणि काळं, चिकट, उग्र वासाचं बी. आपल्या काळ्या जमिनीत बांधाला, नाल्याकाठी हवं तेवढं उगवतं. कोडावर हे बी आपल्याकडं फार जुन्या काळापासून वापरतात. चीनमधले वैद्यही वापरतात, हे सरांना नोकरीला लागल्यावर वाचनात सापडलं आणि मग त्यांनी दुसरा विषय धरला नाही.

वर्गात आणि वर्गाबाहेर त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता: "कशावरून?" विद्यार्थी म्हणाला, पाऊस येणार, तर कशावरून. प्राचार्य म्हणाले, यंदा निकाल चांगला लागणार, तर कशावरून. एका मुलीनं उशिरा येण्याचं कारण सांगितलं, गाडी लेट होती. सर म्हणाले, "कशावरून?" तिनं तिकीट काढून दाखवलं. सर स्टेशनवर जाऊन विचारून आले आणि दुसऱ्या दिवशी भर वर्गात म्हणाले, "गाडी लेट होती बराबर. मी शंका घेतली, माझं चुकलं." मुलं त्यांना पाठीमागं कशावरून सर म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

मस्तगडातला एक औषधांचा व्यापारी एकदा डबी घेऊन विभागात आला. डबीवर लिहिलं होतं, कोडावर हमखास. त्याला सरांचं पत्र हवं होतं, कॉलेजच्या शिक्क्यासह.

"बसा," सर म्हणाले. "हमखास कशावरून?"

"सर, बापजाद्यांपासून चालत आलंय. चीनमधी बी बावचीच देतात म्हणे."

"चीनमधी कच्चं देत न्हाईत. मिठाच्या पाण्यात मुरवतात, मंग भाजतात. तुम्ही काय करता?"

"आमचं बिलकुल नैसर्गिक हाय. काहीच करत न्हाई."

"धोतरा बी नैसर्गिकच असतो. असं करू, महिनाभर ही पूड तुम्ही खा, मी बी खातो. आज रक्त तपासू, महिन्यानं परत तपासू. सुनीताबाई, यांचं नाव लिहून घ्या."

मी वही उघडली. व्यापारी चहा अर्धा टाकून उठला. "दुकान उघडं हाय सर, टाइम न्हाई." तो गेल्यावर सर त्याच्या कपाकडं बघत म्हणाले, "स्वतः खाईना म्हणजे त्याला बी काहीतरी माहीत हाय."

त्यांच्या संशोधनाचा प्रश्न मला समजला तो असा. आपल्याकडं हे बी गोमूत्रात किंवा आल्याच्या रसात बरेच दिवस भिजवतात. चीनमध्ये मिठाच्या पाण्यात मुरवून परततात. दोन्हीकडच्या माणसांची कधी गाठ पडली नव्हती. सर म्हणत, "पण दोघांना बी हे कच्चं नको होतं. का नको होतं? काहीतरी बघितलं असल त्यांनी. कुणीतरी मेलं असल." त्या भिजवण्या-भाजण्यातून बियांमधलं नक्की काय कमी होतं, ते त्यांना मोजायचं होतं. आमच्या मागच्या खोलीत तीन रांगांत बरण्या लागल्या: कच्च्या, आपल्या पद्धतीच्या, चिनी पद्धतीच्या. तव्यावर मिठाचं बी परतायला घेतलं की सगळ्या मजल्यावर वास सुटे. प्राचार्यांनी लेखी विचारणा केली. सरांनी लेखी उत्तर दिलं आणि सोबत मिठाचं वजन कळवलं.

उंदरांवरचं काम संभाजीनगरच्या एका फार्मसी कॉलेजात चाललं होतं. सर दर पंधरवड्याला जाऊन येत. एका शनिवारी परतले तेव्हा पिशवी न ठेवताच उभे राहिले.

"कच्चं बी दिलेल्यांची यकृतं बिघडली, सुनीताबाई. चिरून बघितली. आपली पद्धत आणि चिनी पद्धत, दोन्हीत कमी बिघाड हाय. पण हाय."

त्यांनी त्याच दिवशी माझ्याकडून सगळ्या बरण्यांवर लाल कागद चिकटवून घेतले: खाण्यास मनाई. कपाटाला कुलूप, किल्ली माझ्याकडं, काढल्या-ठेवल्याची नोंद. प्रयोगशाळेत त्यानंतर एक दाणासुद्धा नोंदीशिवाय हलला नाही.

पण मार्गशीर्षात नवं बी आलं ते एक पोतंभर होतं, आणि ओलसर होतं. कॉलेजच्या गच्चीवर माकडं येतात. म्हणून सरांनी ते पोतं घरी नेलं आणि स्वतःच्या गच्चीवर वाळत घातलं. त्या पोत्यावर लाल कागद नव्हता. घरच्या पोत्यावर कोण कागद लावतं?

आता वहिनींबद्दल सांगायला पाहिजे. त्यांच्या परवानगीनंच लिहिते आहे. शोभावहिनींना उजव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत कोड होतं. आम्ही त्यांना बरीच वर्षं फक्त लांब बाह्यांत पाहिलं, वैशाखातसुद्धा. पुढं त्वचेच्या डॉक्टरांनी बावचीचं तेल दिलं, वरून लावायचं, थोडं ऊन घ्यायचं, दर महिन्याला दाखवायचं. दोन वर्षांत डाग निम्म्याहून अधिक भरला. त्या वर्षीच्या संक्रांतीला वहिनींनी पहिल्यांदा आखूड बाह्यांचा ब्लाउज घातला.

हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या ते लगेच नजरेत आलं. कोडाबद्दल उघड कुणीच विचारत नाही. सोयरीक अडते, धाकट्या बहिणींचीही अडते, भांडी वेगळी होतात. बायकांनी वहिनींना आत स्वयंपाकघरात गाठून विचारलं. आपल्यासाठी नाही, नणंदेसाठी, जावेसाठी, शेजारणीसाठी म्हणून. वहिनींना एवढं माहीत होतं की सरांचं बी कोडाचं औषध आहे आणि गच्चीवर पोतंभर आहे. एका ब्लाउजपीसच्या त्यांनी बारा चिंध्या केल्या, प्रत्येकीत मूठभर बी बांधलं, आणि रथसप्तमीपर्यंत जी कुणी दबक्या आवाजात विचारेल तिच्या वाणात, तिळगुळाखाली, एक पुरचुंडी ठेवली. चहाचा अर्धा चमचा कुटून घ्यायचं, असंही सांगितलं. हे त्यांना कुठल्या तरी नातेवाइकाकडून कळलं होतं. वाण असल्यामुळं कुणाला काही दिसलं नाही. देणारीचं पुण्य, घेणारीची अब्रू, दोन्ही सांभाळलं गेलं, असं त्यांना वाटलं.

चैत्रात, दुपारी प्रात्यक्षिकाचा तास चालू असताना, एक गृहस्थ दाराशी येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, पायजमा, हातात रुमाल. परतूरकडच्या एका खेड्यातले आसारामभाऊ.

"गडदे सर तुम्हीच का?"

"हो. या की."

"पोरगी दवाखान्यात हाय, संभाजीनगरला. डॉक्टर म्हणले, तिनं काय खाल्लं ते घेऊन या. घरात हे घावलं. ही बी कसली ते तुम्हीच सांगताल, असं म्हणले गावातले."

त्यांनी रुमाल सोडला. आत चिंधीची पुरचुंडी होती. सरांनी एक दाणा उचलून नाकाशी धरला. बोट खाली करायला त्यांना वेळ लागला.

"कवापासून खात होती?"

"महाशिवरात्रीच्या आधीपासून. तिची माय द्यायची. पोरीच्या मानेवर डाग व्हता. लगीन धरलंय वैशाखात. जल्दी जावा म्हणून मंग तिनं दोन येळा सुरू केलं, चमचा चमचा."

"चमचा? भरून?"

"भरून. डोळे पिवळे झाल्यावर गावातच काविळीचं औषध नाकात टाकलं. त्यात धा-बारा दिस गेले."

"हे बी कुठून आणलं?"

आसारामभाऊंनी सरांकडं बघितलं. मला वाटतं, सरांना हे खरंच माहीत नाही हे त्यांना तेव्हा कळलं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुमच्याच घरून. तिची माय संक्रांतीला इथं बहिणीकडं आल्ती, वाणातून मिळालं."

मुलांना घरी पाठवायचं काम मी केलं. सरांनी माझ्याकडून कच्च्या बियांचा अहवाल मागून घेतला आणि आसारामभाऊंबरोबर तसेच बसस्टँडवर गेले. दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना सगळं सांगितलं: बी कोणतं, कच्चं होतं, किती दिवस, किती चमचे, कुणाच्या घरून. लिहून सही करून दिलं. कुणी मागितलं नव्हतं. मुलीचं नाव मनीषा. चौथ्या दिवशी ती गेली.

त्याच संध्याकाळी सरांनी मला घरी बोलावून घेतलं, यादी करायला. वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. सर पोत्यापाशी उभे होते.

"तुम्हीच म्हणलेला, हे कोडाचं औषध हाय," वहिनी म्हणाल्या.

"म्हणलो होतो."

"चीनपर्यंत चालतं, म्हणलेला. चार पाहुण्यांसमोर म्हणलेला."

"हो."

"मंग त्या उंदरांचं काय झालं ते मला कवा सांगितलं?"

सर म्हणाले, "न्हाई सांगितलं. कागदात लिहिलं होतं."

मी वहीवर तारीख घातली. जगातल्या कुणालाही कशावरून विचारणारा माणूस स्वतःच्या घरात चांगलं तेवढंच सांगून बसला होता, आणि घरात त्याला उलटं विचारायची पद्धत नव्हती. वहिनींनी आठवून आठवून नावं सांगितली. मनीषाच्या आईसह अकरा. चिंध्या बारा. बाराव्या नावापाशी वहिनी थांबल्या.

"ती कुणाबरोबर आल्ती ते ठाऊक न्हाई. रथसप्तमीच्या दिवशी गल्लीतल्या आठ-दहा जणी एकदम आल्या, त्यांच्यात होती. हिरवं लुगडं. मंठ्याकडची म्हणाली. कुंकू लावताना बोटं बघितली, शेंड्याला पांढरी. तिनं मागितलं नव्हतं. मीच दिलं."

गल्लीतल्या सगळ्या जणींना आम्ही दुसऱ्या दिवशी विचारलं. प्रत्येकीला वाटलं होतं, ती दुसरीबरोबर आली आहे.

मनीषाच्या तेराव्याला सर तिच्या गावी गेले. मी आणि बाबूभाई बरोबर होतो. सर मांडवाबाहेर उभे राहिले. आसारामभाऊ उठून आले आणि म्हणाले, "आत या. दवाखान्यात तुम्ही लपवलं न्हाई." मनीषाची आई भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर न करता एकच विचारलं, "सर, एकच चमचा दिला असता तर वाचली असती का?"

सर म्हणाले, "सांगता येत न्हाई, ताई."

परतताना परतूरच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो होतो. सर म्हणाले, "‘न्हाई’ म्हणायला पाहिजे होतं मी. एका चमच्यानं बी गेलीच असती, असं. तिच्या डोक्यावरचा दुसरा चमचा तरी उतरला असता." बाबूभाई म्हणाला, "सर, आपको झूठ बोलना आताच नहीं." सरांनी मान हलवली. ती कौतुकाची गोष्ट नाही, हे तेव्हा तिघांनाही कळत होतं.

मग घरं फिरणं सुरू झालं. पहिल्या दोन घरी बाई एकटी भेटली, पुरचुंडी परत मिळाली. तिसऱ्या घरी सासू दारात होती. सरांनी नेहमीसारखं सरळ सांगितलं: तुमच्या सुनेनं कोडासाठी आमच्याकडून बी नेलं, ते विषारी आहे, रक्त तपासावं लागेल.

सासू म्हणाली, "आमच्या घरात कुणाला कोड न्हाई."

आणि तिथंच, आमच्यासमोर, तिनं सुनेचा दंड धरून बाही वर केली. आठवडा व्हायच्या आत तिला माहेरी पोचवून आले. तिनं ते बी दोनच दिवस खाल्लं होतं. तिचं रक्त चांगलं निघालं. ती अजून माहेरीच आहे.

सर दोन दिवस कॉलेजला आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी यादी घेऊन गेले तेव्हा वहिनींनी तोडगा काढला होता.

"सांगायचं, ते पेरणीचं बियाणं होतं. औषध लावलेलं. चुकून वाणात गेलं. ज्यांना ज्यांना वाण दिलं त्या समद्यांनी रक्त तपासा."

जालन्यात हे कुणालाही पटण्यासारखं होतं. बियाण्याच्या कंपन्या दारात आहेत, औषध लावलेलं बियाणं खायचं नसतं हे इथल्या पोराटोराला माहीत आहे. कोडाचं नावसुद्धा काढायची गरज नव्हती.

"ते खोटं हाय," सर म्हणाले.

"खरं सांगून एका पोरीचा संसार मोडला. अजून सात घरं राह्यली. काय करता, बोला."

"माणसं तुला नावं ठेवतील. वाणात इख दिलं म्हणतील."

"मंग काय चुकीचं म्हणतील?"

सरांनी पायात चपला घातल्या. त्या दिवसापासून दारात वहिनी बोलत, सर दोन पावलं मागं उभे राहत, मी नाव खोडत असे. सातही घरं झाली. एकीनं बी तांदळाच्या डब्यात तसंच ठेवलं होतं. एकीनं तुळशीशेजारी पेरलं होतं आणि ते चांगलं तरारून आलं होतं. एकीनं वाटून डागावर लावलं आणि उन्हात काम केलं, तिचा हात फोडांनी भरला होता. दोघींचे डोळे पिवळसर व्हायला लागले होते. त्या वेळेवर दवाखान्यात पोचल्या आणि सुधारल्या. मनीषासह अकरा पुरचुंड्यांचा हिशेब लागला.

वहिनींना पुढच्या संक्रांतीला कुणी बोलावलं नाही. त्यांच्याकडंही कुणी आलं नाही.

सरांनी प्राचार्यांकडं लेखी जबाब दिला, चौकशी झाली, संशोधनाचं काम काढून घेण्यात आलं. त्यांनी तक्रार केली नाही. राहिलेलं पोतं माझ्यासमोर आणि बाबूभाईसमोर कॉलेजच्या मागं जाळलं आणि जाळल्याची नोंद करून घेतली. फार्मसी कॉलेजातले त्यांचे सहकारी शोधनिबंध पूर्ण करायला आले तेव्हा सरांनी शेवटी एक परिच्छेद वाढवला होता: कच्च्या बियांनी एक मृत्यू, बियांचा उगम संशोधकाचं घर.

"सर, ‘संशोधकाचं घर’ काढू. ‘घरगुती वापर’ एवढंच ठेवू. छापतील तरी."

"कुणाचं घर ते लिहायचं न्हाई?"

"कुणी विचारणार नाही, सर."

"म्हणूनच लिहायचं," सर म्हणाले. निबंध त्या परिच्छेदासह गेला आणि परत आला. छापला गेला नाही.

बाराव्या बाईसाठी सर दर रविवारी बाहेर पडायला लागले. आधी मंठा रस्त्यावरची गावं, आरोग्य केंद्रं, आशाताई. पिवळे डोळे झालेली, बोटांचे शेंडे पांढरे असलेली कुणी बाई? बायका मान हलवत. नाव नाही, गाव नाही, आणि जी गोष्ट सांगून ओळख पटवायची तीच कुणी कबूल करणार नाही. अंगावर मोटारसायकल पडून त्यांचा पाय मुरगळला, तरी एकही रविवार चुकला नाही. मी एकदा म्हटलं, "सर, तिनं खाल्लं असेल तर आता वर्ष होत आलं. जे व्हायचं ते होऊन गेलं असेल." त्यांनी विचारलं नाही, कशावरून. म्हणाले, "तांदळाच्या डब्यात ठेवलं असल तर? पुढं पोरीला डाग निघाला आणि तिनं तवा काढलं तर? बी खराब होत न्हाई, सुनीताबाई. वर्षानुवर्ष राहतं."

मी त्यांना शेवटचं नीट पाहिलं ते पौषात, परतूरच्या आठवडी बाजारात. माझी नणंद तिथं असते. कापसाच्या गाड्यांतून वाट काढत बांगड्यांच्या ओळीत शिरले तर सर एका म्हाताऱ्या कासारणीच्या पालाशी मांडी घालून बसलेले. कुठल्या बाईचं मनगट कसं आहे हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. मी थोडी अलीकडं थांबले.

"मास्तर, एकदा सांगितलं न्हाई म्हणून," कासारीण म्हणत होती. "बाई माझ्या हातात हात देती तो बाजारात सांगायसाठी न्हाई."

"मला नाव नका सांगू."

"मंग काय पाहिजे?"

"एवढी चिठ्ठी. बोटांचे शेंडे पांढरे असलेली बाई आली, तर बांगडीबरोबर द्या. बोलू बी नका. तिला वाचता येत नसल तर तुम्ही कानात सांगा, संक्रांतीचं ते बी खाऊ नको, फेकून दे, आणि रक्त तपास."

"बांगडी भरली आणि चिठ्ठी दिली, एवढंच?"

"एवढंच. मला कळवू बी नका."

कासारणीनं चिठ्ठ्यांची गड्डी घेऊन बांगड्यांच्या पेटीत, कागदाखाली सारली. "बसा मंग. चहा घ्या. पण गिऱ्हाईक आलं की तोंड तिकडं."

तेवढ्यात दोन बायका आल्याच. एकीनं पदर खोचला आणि हात पुढं केला. सरांनी बसल्या जागी अंग फिरवलं आणि पाठ करून बसले, धान्याच्या पोत्यांकडं बघत. ज्याला बाजारातल्या प्रत्येक बाईचे हात बघायचे होते, तो बांगड्या भरून होईपर्यंत एकदाही वळला नाही. मी हाक मारली नाही.

फाल्गुनात ते गेले. घरीच, सकाळी चपला घालताना.

चौदा जूनला कपाटांची यादी झाल्यावर अधीक्षकांनी सही केली, मॅडमनी केली, वहिनींनी केली. बाबूभाईनं पाकिटं पोत्यात भरली. वहिनी मला जिन्यात म्हणाल्या, "सुनीताबाई, ती बाई मी हातावरून ओळखीन. चेहरा न्हाई सांगता यायचा, पण हात ओळखीन." आम्ही दोघींनी ठरवून घेतलं. ज्या बाजारांत सर जाऊन आले होते तिथल्या कासारणींना पुन्हा भेटलो, चिठ्ठ्या जिथं संपल्या होत्या तिथं नव्या दिल्या. वाटूरचा बाजार झाला. रस्त्यावरची लहान गावं झाली.

तळणीचा आणि खुद्द मंठ्याचा बाजार राहिला आहे.